पन्हळीतलं आभाळ

११ मे

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'बाबा', यावर माझं माझ्याशीच भांडण झालं. 'तीर्थरूप' हरलं. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही "बरं, बरं, अभ्यास कर" म्हणता आणि ठेवून देता. पत्राचं तसं करता येत नाही. फार तर फाडता येईल.

आधी कामाचं, ते आईचं आहे. आपल्या खालच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक आलंय. पुस्तकबांधणीवाले आहेत, भले गृहस्थ, बोलताना सारखे शटरकडे बघत होते. आई म्हणाली, "आत तुझ्या बाबांचं सामान आहे, त्यांनाच विचार. परत येऊन वेल्डिंग करायचं असेल तर राहू दे. नसेल तर देऊन टाकू." तुमचा पत्ताही तिनेच दिला. गोदीतल्या कामावर तुम्ही एका वर्षासाठी गेलात, त्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. वर्कशॉपचं काय ते कळवा. मला काही फरक पडत नाही.

आता माझं. बसलेले असाल तर बरं. तुमची मुलगी विमानाने परदेशात चाललीय! मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे, जगभरातून मुलं येणार, आणि आपल्या इथून माझा प्रयोग निवडलाय. शाळेत जाहीर झालं तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि मी मागे वळून बघत होते की कोणासाठी वाजतायत.

प्रयोग काय, ते ऐका. मी लहानपणी काहीही मागितलं की तुमचं एक वाक्य ठरलेलं, "आभाळातून काही पडत नाही, बाळा. हात काळे करावे लागतात." तर बाबा, पडतं! रोज पडतं. अवकाशातली बारीक धूळ सगळ्या पृथ्वीवर पडत असते. हवेत शिरताना ती तापते, वितळते आणि तिचा थेंबासारखा गोल मणी होतो. इतका बारीक की त्याच्यापुढे मोहरी हत्ती वाटावी. असे मणी छपरांवर पडतात आणि पावसाबरोबर पन्हळीत येऊन बसतात. मी आपल्या पत्र्याच्या छपराची पन्हळ खरवडली. गाळ बादलीत धुतला, वाळवला, प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्यावरून फिरवला. हात कोपरापर्यंत काळे झाले, म्हणजे तुमचंही अर्धं खरं. चिकटलेलं सगळं शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातलं आणि बाबा, काय सांगू! काळे, गोल, चकचकीत मणी. एक नाही, ढिगाने. मी एवढ्याने ओरडले की विज्ञानाचे सर धावत आले. त्यांना वाटलं काच फुटली.

ज्या छपरावर चटका बसतो म्हणून मांजरसुद्धा थांबत नाही, तिथे तारे-उल्का-धूमकेतू सगळ्यांचं येणंजाणं. आई म्हणाली, "काही का असेना, पन्हळ साफ झाली."

आता एकच व्हायला हवं. तिथल्या परीक्षकांनी बघून म्हणायला हवं की हो, हे आभाळातलं आहे. तेवढ्यासाठी चाललेय.

तुमची,
भुणभुण (अजून तेच नाव चालत असेल तर)

१६ मे

बाबा,

पोचले. सर विमानात पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते. पोस्टरची नळी त्यांनी मांडीवर घेतली होती, पहिलं नातवंड घ्यावं तशी. हवाईसुंदरी वर ठेवू का म्हणाली तर म्हणाले, "असू दे, असू दे, त्याला सवय आहे."

तुम्ही फोनवर एकदा म्हणाला होतात, गोदीत जहाज आत येतं तेव्हा माणसाला आपण मुंगी आहोत असं वाटतं. तेव्हा मी नुसतं 'हं' केलं होतं. आज कळलं. या प्रदर्शनाचा हॉल असा आहे की या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकाची माणसं ठिपके दिसतात. छत इतकं उंच की आत पाखरं शिरलीयत आणि त्यांना आपण आत आहोत हेच माहीत नाही. आणि टेबलं, ओळीच ओळी. प्रत्येक टेबलामागे माझ्याच वयाचं कोणीतरी, आणि प्रत्येकाने काय काय करून आणलंय!

एका मुलीने लाकडाचा हात केलाय. दंडाचा स्नायू नुसता आवळला की बोटं मिटतात. तिने तो माझ्या दंडाला लावला. मी आवळलं, आणि समोरच्या लाकडी हाताने माझ्याकडे बघून मूठ वळली. एकाने नदीतल्या माशांचे आवाज पकडलेत. मासे बोलतात, बाबा! कुरकुरतात, दारं वाजवल्यासारखं करतात. कानाला लावून मी इतका वेळ उभी राहिले की मागे रांग लागली. एक अगदी किरकोळ पोरगा, कॉलर मोठी आणि मान बारीक, त्याने गणितातलं काहीतरी सिद्ध केलंय. त्याच्या टेबलावर काहीच नाही, नुसता कागद. त्याच्यापुढे मोठी मोठी माणसं गप्प उभी होती. आपल्या शाळेत मी हुशार. इथे मी कोण? पण वाईट नाही वाटलं. देवाशप्पथ नाही वाटलं. एवढं सगळं जगात चालू होतं आणि मला पत्ताच नव्हता, याचीच गंमत वाटत राहिली.

फजितीही सांगते. आत घेण्याआधी पिवळ्या जॅकेटचे एक काका सगळं तपासतात. माझा डबा उघडला. आत पन्हळीची काळी धूळ. मला तिचा छोटासा ढीग ताटलीत मांडायचा होता, म्हणजे येणाऱ्याने स्वतः लोहचुंबक फिरवून बघावं. काका म्हणाले, सुटी माती, पावडर, काही चालत नाही. मी म्हटलं, ही माती नाही, उल्का आहे. ते म्हणाले, उल्काही चालत नाही. सरांनी हात जोडले, तेही चालले नाहीत. डब्यावर चिकटपट्टी लावली, "जाताना घेऊन जा." उरल्या काचपट्ट्या, ज्यांवर निवडक मणी चिकटवलेत, आणि फोटो.

शेजारच्या टेबलावर एक मुलगा आहे, मी त्याला मनात शेवाळवाला म्हणते. त्याने शेवाळाने घाण पाणी साफ करून दाखवलंय. त्याचंही शेवाळ काढून घेतलं. तो रिकाम्या बरण्यांमागे, मी रिकाम्या ताटलीमागे. एकमेकांकडे बघितलं आणि असे हसत सुटलो की काका वळून बघायला लागले.

उद्या परीक्षक येणार.

भुणभुण

१७ मे

बाबा,

आज लिहिणार नव्हते.

परीक्षणाच्या वेळी हॉलमध्ये आम्ही मुलं आणि परीक्षक, बाकी कोणी नाही. सरसुद्धा बाहेर. पहिले दोघे परीक्षक गोड होते. माझं इंग्रजी अडखळत होतं, पण त्यांनी माना डोलावल्या, मणी बघितले, "सुंदर, सुंदर" म्हणाले. मी हवेत.

मग एक बाई आल्या. वयस्कर, केस पांढरे, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्या इथल्या विद्यापीठात दगडांचा अभ्यास करतात. उल्का हाच त्यांचा विषय, आयुष्यभर. माझ्या पोस्टरकडे बघितलंही नाही. थेट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एक काचपट्टी. दुसरी. तिसरी. पुन्हा पहिली. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं तर हात वर केला, थांब.

मग डोळा न काढता विचारलं, "तुझ्या घराजवळ कुठे वेल्डिंग होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं बोलले का मी? वेल्डिंग नाहीच होत. शटर बंद आहे. कोणी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर मी 'बाहेरगावी असतात' म्हणते आणि विषय बदलते. इतकी सवय झालीय की जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, "बरं" म्हणाल्या, काहीतरी लिहिलं आणि गेल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

शेवाळवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. जेवण गेलं नाही. कारण बाई वळल्या आणि मला कळलं होतं. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे काय? वितळलेलं लोखंड, हवेत उडतं, थेंब होतो, गोल होऊन थंड पडतो. आभाळातून पडणारा मणी जसा होतो, अगदी तसाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाबा. गावाला कसला, समुद्रापार वळसा घातला मी.

उद्या जाऊन सांगणार आहे. सरांना अजून सांगितलेलं नाही. ते परवाच्या समारंभासाठी आतापासूनच कोट इस्त्री करतायत.

१८ मे

बाबा,

सांगितलं.

सकाळी बाई हॉलच्या दाराशी कॉफी घेत उभ्या होत्या. गेले आणि एका श्वासात बोलले, "होतं. वेल्डिंग होतं. घराजवळ नाही, घरातच. खाली वर्कशॉप, माझ्या वडिलांचं. ते गेल्यापासून बंद आहे, म्हणून मी नाही म्हटलं."

त्यांनी कप ठेवला. "मला हे लिहावं लागेल," म्हणाल्या. "तुझे गुण जातील." मी म्हटलं, जाऊ देत. माझ्या तोंडून ते आलं आणि माझंच मला नवल वाटलं. मग त्या म्हणाल्या, "परीक्षकाचं काम संपलं. आता मी नुसती दगडवाली बाई. चल, बघू तरी काय काय आणलंयस. सरांनाही बोलाव."

त्यांची प्रयोगशाळा पलीकडच्या रस्त्यावर आहे. लाल विटांची इमारत, आत लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना कपाटं, कपाटांत खण आणि प्रत्येक खणात दगड. शेवटच्या खोलीत एक यंत्र. आपल्या फ्रिजएवढं, त्याला पडदा जोडलेला. इलेक्ट्रॉनवाला सूक्ष्मदर्शक. वस्तू नुसती दाखवत नाही, ती कशाची बनलीय तेही सांगतो. बाईंनी माझा पहिला मणी आत सरकवला.

पडदा उजळला आणि सरांनी माझा हात धरला. पडदाभर एक गोळा, चंद्रासारखा टांगलेला. आणि त्यावर नक्षी, बाबा! पानं, पानांना पानं, त्यांना अजून बारीक पानं, कोणी कोरत बसलं तरी आयुष्य जाईल. शाळेच्या यंत्रात तो नुसता काळा ठिपका होता. बाजूला यंत्राने लिहून दिलं: लोखंड, मँगनीज, थोडी वाळूतली सिलिका. बाई म्हणाल्या, "वेल्डिंगचा रॉड. शंभर टक्के."

दुसरा, वेल्डिंग. तिसरा, वेल्डिंग. एकेक मणी आत जायचा, एकेक चंद्र उगवायचा, आणि प्रत्येक चंद्र तुमचा. मी ज्यांना तारे म्हणून कापसात ठेवलं, रात्रंदिवस जपलं, ते सगळे तुमच्या हातचे.

मला इतका राग आला! घरात नाही, फोनवर धड नाही, आणि पन्हळीत मात्र पसरून बसलायत! आणि तेवढ्यातच हसूही यायला लागलं, कारण ते इतके सुंदर होते. तुम्ही काळ्या काचेआडून बघायचात तेव्हा नुसता लखलखाट दिसत असेल. त्या लखलखाटातून हे असं उडत होतं, आणि तुम्ही संध्याकाळी ते केसांतून झटकून टाकायचात. तुम्ही हे कधीच बघितलेलं नाही. मी बघितलं. मला तुम्हाला तिथे दंडाला धरून उभं करावंसं वाटलं.

शेवटी एकच मणी उरला. तो बाकीच्यांसारखा काळा नाही, जरा तपकिरी, काचेसारखा. मी तो जवळजवळ टाकूनच देणार होते, कारण तो तितका गोल नव्हता. यंत्र वरून काही नक्की सांगेना. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. म्हणाल्या, "हा कदाचित असेल. पण वरचा थर वितळलेला आहे, त्यावरून काही ठरवता येत नाही. कापायला लागेल. डिंकासारख्या रसायनात बसवायचा आणि मध्यापर्यंत घासून काढायचा. अर्धा जाईल. आणि आत वेल्डिंग निघालं, तर तुझ्या प्रयोगात काहीच उरणार नाही. नको असेल तर राहू दे. 'असू शकेल' असं लिहायला तुला कोणी अडवत नाही. उद्या सकाळी सांग."

रस्त्यात सर म्हणाले, "अगं, 'असू शकेल' काही वाईट नाही. शाळेत चौकटीत लावू. कोण कापून बघायला येतंय?" गरीब बिचारे, एका हातात पोस्टरची नळी आणि दुसऱ्या हातात माझी काचपट्टी.

१९ मे

बाबा,

हे पत्र पूर्ण वाचा. मधलं सोडू नका.

नाश्त्याच्या टेबलावर सर 'असू शकेल'ची बाजू मांडत होते आणि मला तुमचं वर्कशॉप दिसत होतं. नवं पोरगं कामाला आलं की तुम्ही त्याला दोन पट्ट्या जोडायला सांगायचात. ते बिचारं जीव ओतून जोड करायचं, घासूनपुसून चकचकीत करून आणायचं. तुम्ही बघायचातही नाही. सरळ करवतीखाली. "वरून सगळेच जोड छान दिसतात," म्हणायचात. एकदा तर जोड आतूनही चांगला निघाला, पण त्या पोराच्या हातात दोन तुकडे, आणि मी पायरीवर बसून भोकाड पसरलं होतं. तुम्ही जगातले सगळ्यात दुष्ट बाबा आहात असं मला वाटलं होतं.

सरांना म्हटलं, "सर, कापायचा." सरांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझ्यापुढे हात टेकले." पण कोट घालून माझ्याबरोबर आले.

बाईंनी मणी थेंबभर रसायनात बसवला आणि भट्टीत घट्ट केला. मग एक फिरती चकती, तिच्यावर पाणी. "तू धर," म्हणाल्या. मी धरला. घासायचं, थांबायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. जे जात होतं ते पाण्याबरोबर जात होतं आणि परत येणार नव्हतं. मध्याशी आल्यावर बाईंनी माझ्या हातातून घेतला आणि यंत्रात सरकवला.

पडदा आधी करडा. मग स्पष्ट झाला.

आत पट्ट्या होत्या. कंगव्याच्या दातांसारख्या सरळ, एकीला एक लागून, मधे काच. एका कडेला इवलासा पांढरा ठिपका. बाईंनी त्यावर बाण नेला. लोखंड आणि निकेल. त्यांनी कळफलकावरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"हा इथला नाही," म्हणाल्या.

मी विचारलं, इथला म्हणजे? या शहरातला?

"पृथ्वीवरचा नाही. लोखंडात असं निकेल उल्केत असतं. आणि हे जे द्रव्य तू बघतेयस ना, ते पृथ्वी झाली त्याच्याही आधीचं आहे. समुद्र नव्हते, चंद्र नव्हता, तेव्हाचं."

माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. त्यांनी अर्थ विचारला नाही. त्यांच्याही तोंडून त्यांच्या भाषेत तसंच काहीतरी निघालं होतं. आयुष्यभर उल्का बघितलेली बाई, आणि डोळे लहान मुलीसारखे. सर रडले. नंतर म्हणाले, एसीमुळे.

विचार करा, बाबा. एवढ्या अंधारातून, एवढ्या काळातून तो येत होता. कुठेही पडला असता. समुद्रात, डोंगरावर, कोणाच्या चहात. तो आपल्या पत्र्यावर आला. खाली तुम्ही वाकून काम करत असाल किंवा गेला असाल, काय माहीत, आणि तो वर आला आणि तुमच्या ठिणग्यांमध्ये जाऊन बसला. मला कोणाच्या तरी पाया पडावंसं वाटत होतं, पण कोणाच्या ते कळेना, म्हणून बाईंच्या पडले. त्या दचकल्या.

दुपारी समारंभ झाला. बक्षीस नाही मिळालं. पहिलं शेवाळवाल्याला, रिकाम्या बरण्यांना! मी इतक्या टाळ्या वाजवल्या की हात लाल झाले. मला एक कागद मिळालाय, बाईंच्या सहीचा, त्यात लिहिलंय की माझ्या मण्यांपैकी एक अवकाशातला आणि बाकीचे वेल्डिंगचे. तेवढंच आणि तसंच लिहा असं मीच सांगितलं.

आता मूळ मुद्दा. पहिल्या पत्रात मी लिहिलं की वर्कशॉपचं काय ते कळवा, मला फरक पडत नाही. पडतो. पुस्तकबांधणीवाले हे निमित्त होतं. मला जे विचारायचं आहे ते मी फोनवर कधी विचारलं नाही, कारण नाही म्हणालात तर काय, ही भीती होती. न विचारता 'बाबा येतीलही' असं म्हणून चालवता येत होतं. आईही तसंच चालवते. संध्याकाळी दवाखान्यातलं काम आटपून येते, शटरसमोर एक क्षण थांबते, मग जिना चढते. मी गॅलरीतून बघते आणि आत जाते. आम्ही दोघी 'असू शकेल'वर जगतोय, आणि खरं सांगू का, दमलोय.

म्हणून विचारते. तुम्ही परत येणार आहात की नाही?

'बघू' नको. 'काम संपलं की' नको. हो असेल तर हो लिहा, मी दारात उभी राहते. नाही असेल तर नाही लिहा. मी रडेन, दोन दिवस कोणाशी बोलणार नाही, मग जेवेन आणि शाळेत जाईन. आईला मी सांगेन, ते तुमच्यावर ठेवत नाही. तुमचे मणी मी टाकणार नाही, कसंही झालं तरी. ते सुंदर आहेत आणि ते खरे आहेत.

सोबत दुसरं पाकीट घातलंय, घरचा पत्ता मीच लिहिलाय. तुम्हाला लिहायचा कंटाळा, माहीत आहे. एकच शब्द लिहायचाय. आजच लिहा आणि पेटीत टाका.

भुणभुण